दोन पाण्यांत सापडलेला फायटर : साताऱ्यातल्या एका मातीच्या टँकचा प्रकरण अभ्यास

साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या एका पेठेत, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर राहणारं हे कुटुंब. आजोबा मूळचे कोरेगाव तालुक्यातले शेतकरी, आई नोकरी करते, मुलगी सहावीत. मुलीसाठी घरात निळा नर फायटर मासा (बेट्टा) आला आणि चार लिटरच्या काचेच्या बाऊलमध्ये राहू लागला. काही महिन्यांनी, ऐन जानेवारीत, आईने मला विचारलं. मी वनस्पतीशास्त्र शिकवते आणि घरी मातीचे टँक, म्हणजे तळाला माती घालून झाडं लावलेले माशांचे टँक, सांभाळते, हे तिला ठाऊक होतं.

तक्रार अशी : मासा दोन-तीन आठवडे छान असतो. मग एका दिवसात मलूल होतो, पंख अंगाशी आवळून तळाशी बसतो, खाणं सोडतो. शेपटीची कड काळसर पडून झिजते. दुकानातून आणलेलं निळं औषध घातलं की थोडा सावरतो, आणि पुन्हा तेच. "पाणी तर दर आठवड्याला बदलतोय की आम्ही," आजोबा म्हणाले. "निम्मं काढतो, निम्मं ताजं घालतो. घाण राहूच देत नाही."

घरातली सगळी माणसं माशाची मनापासून काळजी घेत होती. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. आजारी फायटरच्या घरी बहुतेक वेळा हयगय झालेली नसते, काळजी भरपूर घेतलेली असते. प्रश्न असतो तो पाण्याचा.

मलूलपणाचा माग

पहिला संशय थंडीवर होता आणि तो खोटा नव्हता. फायटरचं मूळ घर थायलंडमधल्या उथळ, संथ पाण्यात आणि भातखाचरांत. त्याला साधारण 24 ते 28 अंशांचं पाणी मानवतं. जानेवारीत पहाटे त्या बाऊलमध्ये थर्मामीटर 19 दाखवत होता. एवढ्या गार पाण्यात त्याचं पचन आणि प्रतिकारशक्ती दोन्ही मंदावतात. पण थंडी रोजची होती आणि आजार मधूनच यायचा. नुसत्या थंडीने त्याचा उलगडा होत नव्हता.

मुलीने वहीत नोंदी ठेवल्या होत्या : खाणं कधी दिलं, पाणी कधी बदललं, मासा कधी आजारी पडला. नोंदी वाचताना दिसलं की आजार नेहमी पाणी बदलल्यानंतरच्या दिवशी सुरू होतो, पण प्रत्येक बदलानंतर नाही. मग आजोबांना विचारलं, पाणी कुठलं घालता? नळाचं. आणि नळाला पाणी आलं नाही तर? "मग बोअरचं. ते पण स्वच्छच आहे, मॅडम."

उत्तर तिथेच होतं. या घराला नळाने कासचं पाणी येतं. कासचा तलाव जांभ्या खडकाच्या पठारावर, पावसाच्या पाण्याने भरलेला. त्यामुळे पाणी अगदी हलकं. आरओवाल्यांकडे असतो तसा, विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला तर 60 च्या आसपास आकडा आला, सामू (पीएच) 7 च्या जरा वर. अंगणातल्या बोअरचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून मुरत, क्षार विरघळवत आलेलं. टीडीएस जवळजवळ 700, सामू 8.1. दोन्ही पाणी काचेच्या पेल्यात सारखीच नितळ दिसत होती.

आता बाऊलमध्ये काय घडत होतं ते पाहू. माशाच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया साठतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो. एक अमोनियम, जे माशाला फारसं बाधत नाही, आणि दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ले जाळतो. कुठलं रूप किती, हे मुख्यतः सामू ठरवतो. 25 अंशांच्या पाण्यात सामू 7 असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा-पाऊण टक्का मुक्त असतो. सामू 8 झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दसपट.

नळाच्या हलक्या पाण्यात आठवडाभर अमोनिया साठायचा, पण सामू खाली असल्यामुळे मासा तग धरायचा. पुढच्या बदलाला निम्मं बोअरचं पाणी पडलं की अमोनिया निम्मा व्हायचा खरा, पण सामू एकदम चढायचा आणि उरलेला अमोनिया आधीपेक्षा कितीतरी जास्त जहाल व्हायचा. शिवाय काही मिनिटांत क्षारांचं प्रमाण अनेक पट बदलायचं, त्याचा धक्का वेगळाच. दुसऱ्या दिवशी मासा तळाशी. त्याला नवीन पाणीच बाधत होतं. झिजणारी शेपटी ही त्यानंतर जखमेत शिरलेल्या जिवाणूंची करामत. औषधाने ती थोडी थांबायची, कारण मात्र जागेवरच राहायचं.

काय करायचं यावर झालेली चर्चा

मोठा टँक घ्यायचा यावर दुमत नव्हतं. आईचं म्हणणं होतं, आरओचं पाणी घालू, ते सगळ्यात शुद्ध. ते नको म्हटलं, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतातच आणि अशा पाण्याचा सामू कधीही ढासळू शकतो. दुकानात फिल्टर आणि एअर पंप सुचवला होता. फिल्टर वाईट नव्हे, पण लांब पंखांच्या फायटरला जोराचा प्रवाह झेपत नाही, आणि वीज गेली की फिल्टर थांबतो. फायटरच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक खास इंद्रिय असतं, त्याने तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. त्यामुळे बुडबुडे सोडणाऱ्या पंपावर त्याचा जीव अवलंबून नाही. त्याला हवं स्थिर, उबदार आणि अमोनिया नसलेलं पाणी. दाट वनस्पती हे काम करतात, कारण बहुतेक पाणवनस्पती नत्र घेताना नायट्रेटपेक्षा अमोनियमच आधी उचलतात. मातीत रुजलेला, वनस्पतींनी भरलेला टँक हा पर्याय ठरला.

18 बाय 12 बाय 12 इंचांचा टँक घेतला. भरलेला असताना त्याचं वजन पन्नास किलोच्या घरात जातं, म्हणून टेबलाचा नाद सोडून खिडकीशेजारच्या दगडी कट्ट्यावर थर्माकोलचा पत्रा घालून बसवला. सकाळी तासभर कोवळं ऊन तिथे येतं.

माती

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मातीचा होता. आजोबांची इच्छा होती की माती आपल्या रानातली असावी. मातीच्या टँकची माहिती वाचलेल्यांपैकी अनेक जण इथे नको म्हणतील, कारण काळ्या मातीत चुनखडी असते, पाणी जड होतं आणि चिकण कण वर आले की टँक गढूळ होतो. कोरेगावकडची माती काळी, चुनखडीचे खडे असलेलीच. व्हिनेगरचे थेंब टाकले तर सुरसुर फेस आला. आजोबांनी माती चिमटीत चुरडून बघितली आणि म्हणाले, "चुनखड हाय थोडी, पण कस हाय."

मी ती माती घ्यायचं ठरवलं, आणि ते निव्वळ आजोबांच्या मायेखातर नाही. इथे पाणी कासचं होतं. इतक्या हलक्या पाण्यात सामू स्थिर ठेवणारा कार्बोनेटचा साठा नगण्य असतो. टँकमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना हा साठा खात जातात. एक मिलिग्रॅम नत्रामागे सुमारे सात मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खर्ची पडते. साठा संपला की सामू कोसळतो, आणि जिवाणूंचं कामही मंदावतं. मातीतले चुनखडीचे बारीक खडे सावकाश विरघळत हा साठा भरून काढतात. काळ्या मातीतली चिकण अमोनियम आणि पालाश धरून ठेवते, मुळांना ते हवं तेव्हा मिळतं. तिच्यात वापरायला सोपं असं लोह मात्र कमी. म्हणून नर्सरीतली, जांभ्या खडकातून आलेली लाल माती बरोबर घेतली. दोन्ही निम्म्या-निम्म्या.

हाच टँक बोअरच्या पाण्यावर उभा करायचा असता तर काळी माती मी हाताळलीही नसती, नुसती लाल घेतली असती. माती चांगली की वाईट हे तिच्यावर कुठलं पाणी पडणार यावरच ठरतं. टँक लावणाऱ्या प्रत्येकाला हे मी आधी सांगते, कारण लोक माती एकाच्या सल्ल्याने निवडतात आणि पाणी नशिबाने येईल ते घेतात.

माती बांधावरची घेतली, उसाच्या वाफ्यातली नाही. युरिया पडलेली किंवा तणनाशक मारलेली माती टँकमध्ये गेली तर आठवडाभरात अमोनियाचा कहर होतो, किंवा झाडंच जळतात. शेणखतही नको. चाळणीने गाळली, काड्या-मुळं काढली, घमेल्यात पाण्यात भिजवली, वर आलेलं तरंगतं काढून टाकलं, आणि पुन्हा उन्हात वाळवली. असं तीन-चार वेळा केलं की मातीतला सहज कुजणारा भाग बाहेरच कुजून जातो. हे काम आजोबांनी गच्चीवर केलं आणि त्यात त्यांना फार आनंद होता.

टँकच्या तळाला माती एक इंचाची, दाबून न बसवलेली. त्यावर इंचभर धुतलेली बारीक खडी, दाणा दोन-तीन मिलिमीटरचा. खडी फार जाड असली तर माती वर येते, फार बारीक रेती असली तर मातीचा श्वास कोंडतो. काठाशी मातीचा थर एक बोट आत ठेवला, म्हणजे काचेतून चिखल दिसत नाही आणि काचेलगत शेवाळही कमी येतं.

झाडं, आणि कासवरून काय आणायचं नाही

पहिल्याच दिवशी टँक झाडांनी गच्च भरायचा. चार काड्या लावून त्या वाढायची वाट बघणं म्हणजे शेवाळाला आमंत्रण. मागे व्हॅलिस्नेरिया, मधे हायग्रोफिला आणि वॉटर स्प्राइट, पाण्यात सुटं हॉर्नवर्ट, पुढच्या कडेला ब्राह्मी. होय, तीच औषधी ब्राह्मी. दलदलीत वाढणारी असल्यामुळे पाण्याखालीही छान जगते. ती नर्सरीतून आणलेली असल्याने कीटकनाशकाच्या भीतीपोटी दोन आठवडे बादलीत, पाणी बदलत, वेगळी ठेवली. मागच्या कोपऱ्यात मनी प्लांटची फांदी, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. हवेतला कार्बन डायऑक्साइड मोकळेपणी मिळत असल्याने ते नत्र भराभर ओढतं.

मुलीला आणखी एक झाड हवं होतं. पावसाळ्यात कासच्या पठारावर साचलेल्या उथळ पाण्यात तिने वायतुरा बघितला होता, पाण्यावर उभा राहिलेला दुपेडी तुरा. टँकमध्ये कंदापासून वाढवतात त्या अपोनोजेटॉनच्या कुळातलाच हा. शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. माझं उत्तर ठाम नकाराचं होतं. तो इथल्या सह्याद्रीच्या जांभ्या पठारांपुरताच उरलेला आहे, आणि 2012 पासून कास हे जागतिक वारशाचा भाग आहे. तिथून पानही आणायचं नसतं. शिवाय त्याचं सगळं आयुष्य पठार भिजण्या-वाळण्याशी बांधलेलं आहे : पावसात फुलायचं, उरलेलं वर्ष कंद होऊन जमिनीत झोपायचं. बारमाही कोमट पाण्यात त्याला झोप मिळत नाही. तिने ते समजून घेतलं, आणि वहीत त्याचं चित्र काढलं.

माशाविना गेलेला महिना

टँक लागला तरी मासा आत गेला नाही. तो पंधरा लिटरच्या टबमध्ये, रात्रभर ठेवलेल्या फक्त नळाच्या पाण्यात राहिला. रोज तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. टबमध्ये देशी बदामाची (टर्मिनालिया कटाप्पा) झडलेली, वाळलेली दोन पानं घातली. त्यातून उतरणारा चहासारखा रंग फायटरच्या मूळ पाण्याशी जुळतो, आणि जिवाणूंना थोडा आळाही बसतो. बोअरचं पाणी पूर्ण बंद. औषधही बंद. एवढ्यानेच शेपटीची झीज थांबली.

टँकमध्ये दुसऱ्या आठवड्यात अमोनिया 1 पीपीएमच्या (लिटरमागे एक मिलिग्रॅम) वर गेला, पाणी फिकट तपकिरी झालं. घरात घबराट झाली. भिजलेली माती सुरुवातीला असं करतेच, म्हणूनच मासा बाहेर ठेवतात. एक दिवसाआड तिसरा हिस्सा पाणी बदललं. मग हायग्रोफिलाची जुनी पानं वितळू लागली. दुकानातली बरीच झाडं पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्याखाली गेल्यावर ती जुनी पानं टाकून नवी, पातळ पानं काढतात. वितळलेली पानं मात्र लगेच काढायची, नाहीतर त्यांचाही अमोनिया होतो.

तिसऱ्या आठवड्यात काचेवर आणि व्हॅलिस्नेरियाच्या टोकांवर हिरव्या तंतूंचं शेवाळ आलं. दिवा सलग दहा तास चालू होता. तो सकाळी चार तास, दुपारी चार तास बंद, संध्याकाळी तीन-चार तास असा केला. दुपारच्या सुट्टीत माती आणि जिवाणूंकडून पाण्यात पुन्हा कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि संध्याकाळी झाडांना तो मिळतो. शेवाळाला सलग उजेड आवडतो, झाडांना अशी सुट्टी चालते. तंतू काडीवर गुंडाळून काढले. खडीत काडी खुपसली तर बुडबुडे आले, मातीचा वास होता, सडक्या अंड्यांचा नव्हता. तो वास आला असता तर माती कोंडली आहे असं समजून जागोजागी काडीने भोकं पाडायची.

किती दिवस थांबायचं, हे मी कॅलेंडरवर ठरवत नाही. लागोपाठच्या चाचण्यांत अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियाचं नायट्रेट होताना मधे तयार होणारं, तेही माशाला विषारी) दोन्ही शून्य आले आणि झाडांना नवीन पानं फुटलेली दिसली, तेव्हा मार्चमध्ये मासा आत सोडला. टँकमधलं पाणी थोडं-थोडं करत तासाभरात टबमध्ये मिसळलं, मगच. पाणी काठापासून दीड इंच खाली ठेवलं, कारण त्याला वर येऊन श्वास घ्यायला मोकळी हवा हवी. वर जाळी बसवली, कारण फायटर उडी मारतो.

वर्षभरातलं

शेपटीच्या कडेला आधी पारदर्शक, मग निळी नवीन वाढ आली. पूर्वीची लांबी काही आली नाही, पण झीज पुन्हा झाली नाही. तो झाडांतून सावकाश फिरतो, वॉटर स्प्राइटच्या पानावर विसावतो. खाणं सकाळी तीन, संध्याकाळी तीन दाणे, आठवड्यातून एक दिवस उपास. झाडांबरोबर आलेल्या लहान गोगलगायी तशाच ठेवल्या. त्यांची संख्या वाढली की समजायचं, खाणं जास्त पडतंय. एकदा आजोबा घरात कुणाला कळू न देता पोळीचा चुरा टाकत होते, हे गोगलगायींमुळेच उघड झालं. फायटर मांसाहारी आहे, पोळी त्याच्या पोटाची नाही.

उन्हाळ्यात पाणी 31 अंशांवर गेलं तेव्हा दुपारी पंख्याचा झोत पृष्ठभागावर सोडला, बाकी काही केलं नाही. बर्फ टाकायचा विचार आईने बोलून दाखवला होता. तो धक्का उष्म्यापेक्षा वाईट.

खरी कसोटी जुलैत लागली. पावसात नळाला किंचित गढूळ, ब्लीचिंगच्या वासाचं पाणी येऊ लागलं. टँकचं पाणी महिन्यातून दोनदा, तेही फक्त 15 टक्के बदलत असल्याने घाई नव्हती. पाणी बादलीत दोन दिवस स्थिर होऊ दिलं आणि दुकानात मिळणाऱ्या सोडियम थायोसल्फेटच्या थेंबांनी क्लोरीन मारलं. बादलीवर सुती कापड ताणून बांधायचं हे कटाक्षाने पाळलं. डेंग्यूच्या दिवसांत उघडी बादली घरात ठेवणं गैरच. एका आठवड्यात नळाला पाणीच आलं नाही. त्या वेळी आजोबांनी बोअरची कळ दाबली नाही, पाणी बदलणंच पुढे ढकललं. झाडं आपलं काम करत होती, चाचणीत अमोनिया शून्यच राहिला.

नोव्हेंबरअखेर 50 वॅटचा थर्मोस्टॅट असलेला हीटर 26 वर लावला. पाणी काढण्याआधी प्लग काढायचा, हा नियम भिंतीवर लिहून ठेवला आहे. हीटर उघडा पडला की काच तडकते.

वर्ष सरताना सामू 7.2 ते 7.4 मध्ये स्थिर आहे, टीडीएस 150 च्या आसपास. चुनखडी आपलं काम करते आहे, आणि ती काही वर्षं पुरावी. त्यानंतर पाणी पुन्हा हलकं होऊ लागलं तर शिंपल्याचा एक तुकडा पुरेल. झाडांची छाटणी वाळवून कुंडीत जाते, ओढ्यात नाही.

मुलीला आता सोबतीसाठी दुसरा फायटर हवा आहे. दोन नर एका टँकमध्ये एकमेकांना फाडतात, आणि इतक्या जागेत मादीलाही पळायला कोपरा उरत नाही. म्हणून दुसरा मासा आणायचा नाही असं ठरलं आहे. पुढच्या महिन्यात तिच्या मैत्रिणीच्या घरी, जिथे फक्त बोअरचं पाणी आहे, दुसरा टँक लावायचा आहे. त्यासाठी लाल माती आणि व्हॅलिस्नेरियाची पिल्लं वेगळी काढून ठेवली आहेत. व्हॅलिस्नेरियाला जड पाणी चालतं.